ख्रिस्तीबाईंचा उनाडपणा

अगाथा ख्रिस्तीचं पुस्तक हातात घेतलं की माणूस आपोआप सावरून बसतो. बाईंच्या घरात पाऊल टाकायचं म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात किती वाजलेत ते आधी बघून ठेवायचं, कुणी चहा अर्धाच टाकून उठलं तर तो कप लक्षात ठेवायचा, आणि माळ्याने काल दुपारी गुलाबांना पाणी घातलं होतं की नव्हतं हा वरवर फालतू वाटणारा प्रश्न मनाच्या एका कोपऱ्यात जपून ठेवायचा. दीडशे पानांनंतर तोच माळी, तोच कप आणि तेच घड्याळ एका रांगेत उभे राहणार असतात. मग तो अंड्याच्या आकाराच्या डोक्याचा, मिशांना मेण लावणारा बेल्जियन गृहस्थ पायरो सगळ्या मंडळींना दिवाणखान्यात जमवणार, घसा साफ करणार आणि एकेकाच्या तोंडावरचा रंग उतरवत जाणार. या शिस्तीची सवय झाली की तिच्यात एक सुख वाटू लागतं. जगात खून होतात, पण निदान ते नीटनेटके होतात, आणि रात्रीच्या जेवणाच्या आत त्यांचा हिशेब लागतो. अशी ही बाई एके दिवशी पदर खोचून, केस मोकळे सोडून, आगबोटीच्या डेकवरून धावत सुटलेली दिसली तर वाचकाने काय करावं?

मला ती तशी दिसली. नांदेडला जुन्या पुस्तकांच्या एका ढिगात ‘द मॅन इन द ब्राऊन सूट’ मिळालं. मुखपृष्ठ गेलेलं, कडा वाळवीने चाखून सोडलेल्या, पण आतली पानं शाबूत. लेखिकेचं नाव वाचून मी ते पिशवीत टाकलं. वर्ष १९२४ होतं, ते काही पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी फरक पडला नसता. लेखकाला पहिल्यापासून क्रमाने वाचत जाणं ही मोठ्या शहरांची चैन आहे. आमचं गोरेगाव हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात. इथे पुस्तकं पावसासारखी येतात, म्हणजे आली तर येतात आणि येतील तेव्हा येतात. दुसरा भाग आधी वाचून पहिल्या भागाची वाट बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. झुंजार आणि काळा पहाड यांच्या मागे आम्ही मुलं लहानपणी अंधारातून धावलो, पण बाबुराव अर्नाळकरांची हजारावर पुस्तकं कुठून सुरू होतात आणि कुठे संपतात याचा पत्ता आम्हाला कधीच लागला नाही. ख्रिस्तीबाईंची ओळख झाली तीही मधूनच, मधुकर तोरडमलांनी केलेल्या अनुवादांतून. रंगमंचावर ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’ गाजवणारा हा माणूस घरी बसून विलायती खुनांचे मराठी पंचनामे लिहीत होता, हे कळल्यावर मला त्या दोघांबद्दलही जरा जास्तच आपुलकी वाटली होती.

चैत्राचे दिवस होते. आमच्याकडे हे हळदीचे दिवस. शेतातून काढलेले कंद कुकरमध्ये वाफेवर शिजवायचे, खळ्यावर पसरायचे, पंधरा-पंधरा दिवस उन्हात वाळवायचे आणि मग ढोलात घालून घोळायचे, म्हणजे अंगावरची साल निघून ती बाजारातली पिवळीधमक हळकुंडं दिसू लागतात. शिजलेल्या हळदीला एक ओलसर, मातीचा, थोडा औषधी वास असतो; तो कपड्यांत शिरतो, भाकरीत शिरतो आणि रात्री उशीतही येतो. वाळत घातलेल्या हळदीपाशी दिवसभर कुणीतरी बसावं लागतं. शेळ्या येतात, पोरं खेळायला येतात आणि कधीकधी आभाळ येतं. घरात ज्याचा दुसऱ्या कशालाच उपयोग नाही अशा माणसाला या कामावर नेमण्याची प्रथा आहे, आणि वाचणारा माणूस या व्याख्येत बहुधा सगळीकडेच बसतो. तर लिंबाच्या सावलीत बाज टाकून, समोर पिवळ्या कंदांचं अंगण आणि हातात ते उघडंबोडकं पुस्तक घेऊन, मी पायरोची वाट बघत बसलो.

सुरुवात तशी आश्वासक होती. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या फलाटावर एक माणूस कशाला तरी दचकतो, मागे सरतो आणि रुळांवर पडून मरतो. त्याच्या कोटाला डांबरगोळ्यांचा वास येत असतो. मी पेन्सिलीने समासात खूण केली. ट्रंकेतला गरम कोट नुकताच बाहेर काढलेला, म्हणजे गडी उष्ण देशातून आलेला असणार, इतपत अक्कल बाईंनीच मला आजवर शिकवलेली. गर्दीतून तपकिरी सूट घातलेला एक ‘डॉक्टर’ पुढे होतो, प्रेताला भलत्याच ठिकाणी चाचपतो आणि घाईने निघून जाताना त्याच्याकडून एक चिठ्ठी पडते. चिठ्ठीवर काही आकडे आणि ‘किल्मॉर्डन कॅसल’ हे शब्द. मी दुसरी खूण केली. मग नदीकाठच्या एका रिकाम्या बंगल्यात एका सुंदर बाईचा गळा आवळलेला सापडतो, तिसरी खूण. सगळं कसं रीतीप्रमाणे चाललं होतं. आता टॅक्सी थांबेल, आता ती चकचकीत बुटांची जोडी फुटपाथवर उतरेल, असं मी प्रत्येक प्रकरणाच्या तोंडाशी म्हणत होतो.

टॅक्सी आली नाही. त्याऐवजी ॲन बेडिंगफेल्ड नावाची एक पोरगी कथेचा कासरा हातात घेऊन निघाली. तिचे वडील अश्मयुगीन माणसाचे गाढे अभ्यासक. त्यांचं शरीर विसाव्या शतकात राहायचं आणि मन गुहेत, त्यामुळे वाण्याचं बिल, दुधाचा हिशेब आणि घराचं भाडं या आधुनिक बाबी मुलीच्या गळ्यात. ते न्यूमोनियाने जातात तेव्हा तिच्याजवळ उरतात जेमतेम ८७ पौंड. शहाण्यासुरत्या मुलीने अशा वेळी नोकरी शोधावी. ही मुलगी किल्मॉर्डन कॅसल म्हणजे आफ्रिकेला जाणारी आगबोट आहे हे शोधून काढते, तिकिटाची किंमत विचारते, ती नेमकी ८७ पौंड निघते आणि ती तिकीट काढते! हळदीचा पहिला पैसा हातात आल्यावर सोसायटी, खत, दुकानाची उधारी यांची उतरंड ज्याच्या डोळ्यांपुढे उभी राहते अशा माणसाला हे वाक्य वाचून घाम फुटतो. मी पुस्तक मांडीवर उपडं घातलं आणि थोडा वेळ नुसता हळदीकडे बघत राहिलो. मनात आलेलं पहिलं वाक्य होतं, ‘काय ही पोरगी!’ आणि दुसरं वाक्य असं होतं, जे घरी कुणाला सांगण्यासारखं नाही.

तिच्या डोक्यात हे खूळ कुठून आलं तेही बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलंय. ॲन खेड्यातल्या थेटरात दर आठवड्याला ‘पॅमेलाची संकटं’ या धाटणीची एक मूक चित्रमालिका बघते. त्यातली पॅमेला विमानातून पडते, पाणबुडीत सापडते, उंच इमारतींवर चढते, आणि दर आठवड्याला खलनायक तिला साधी गोळी घालायचं सोडून काहीतरी लांबलचक आणि खर्चिक उपाय योजतो. हे वाचताना माझं मन सरळ जत्रेतल्या तंबूत गेलं. बायका-माणसांना मध्ये दोरी बांधून वेगळं बसवलेलं, यंत्राच्या खोलीतून रॉकेलचा आणि तापलेल्या फितीचा वास, आणि रीळ बदलायला थांबलं की त्या अंधारात शेंगा फोडल्याचा एकसुरी आवाज. तिथून बाहेर पडताना आमच्यातला प्रत्येक जण घोड्यावर बसून घरी जायचा. घर आलं की उतरायचा. ॲन उतरली नाही, एवढाच काय तो तिच्यात आणि आमच्यात फरक.

पुढे जे सुरू होतं त्याला कथानक म्हणण्यापेक्षा पूर म्हणणं बरं. ॲनला बोट लागते. ती दिवस-दिवस केबिनमध्ये मरणाची वाट बघत पडून राहते, आणि ही गोष्ट इतक्या जिव्हाळ्याने लिहिली आहे की हा अनुभव लेखिकेने अंगावर काढलेला असणार याची खात्री पटते. चिठ्ठीवरच्या आकड्यांवरून ती १७ नंबरच्या केबिनचा माग काढते, तर नेमकी तीच केबिन आणखी दोघांना हवी असते आणि खिडकीतून रुमाल टाकून एस.टी.ची जागा धरणाऱ्यांसारखी तिघांची जुंपते. २२ तारखेच्या रात्री एक वाजता एक जखमी तरुण दार ढकलून आत कोसळतो. मग कुणीतरी तिला समुद्रात लोटायला बघतं. मग हिरे. मग केपटाऊनजवळच्या म्यूझेनबर्गच्या किनाऱ्यावर फळी घेऊन लाटांवर स्वार होण्याची हौस आणि त्यातली फजिती. मग अपहरण, सुटका, आगगाडी, आणि प्रत्येक स्टेशनवर विकायला येणारे लाकडी प्राणी, जे ही मुलगी हावऱ्यासारखे विकत घेत सुटते. मग रात्रीच्या अंधारात व्हिक्टोरिया धबधब्याजवळचा कडा, आणि खाली दरी. ती पडते. अर्थातच पडते. पॅमेला पडली असती.

आमच्या शेजारच्या खळ्यावरचे आबा दुपारी तंबाखू मळायला माझ्याकडे येतात. वयाने ऐंशीच्या आसपास. वाचता येतं, पण चष्मा सापडत नाही, असं ते गेली अनेक वर्षं सांगत आले आहेत. त्यांनी विचारलं, “काय वाचायलास रे एवढं तोंड घालून?” मी गोष्ट सांगितली. ते शांतपणे ऐकत होते. बोटीचं तिकीट आलं तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“एकटीच गेली?”

“हौ आबा, एकटीच.”

“अन् घरच्यांनी आडवलं नाही कुणी?”

“घरचं कुणी उरलंच नव्हतं.”

आबांनी तंबाखूवर थापटी मारली. “मंग बरं,” ते म्हणाले. जरा वेळाने, चिमूट ओठात सारल्यावर, “मंग जावंच माणसानं.”

मी समासातल्या खुणा त्याच दुपारी बंद केल्या. शोध कसला घ्यायचा? इथे घड्याळं बंद पडलेली आणि चहा केव्हाच समुद्रात सांडलेला. रहस्य आहे, ‘कर्नल’ नावाचा पडद्याआडचा बदमाश आहे, आणि तो कोण हे शेवटपर्यंत झाकून ठेवण्यात बाईंचा पुढचा हातखंडाही दिसतो. दोन वर्षांनी, १९२६ साली, ज्या एका युक्तीने त्यांनी सगळ्या इंग्लंडची झोप उडवली, तिची रंगीत तालीम या उनाड पुस्तकात हसतखेळत उरकलेली आहे. कुठे, ते मी सांगणार नाही. तेवढी वाचकधर्माची चाड मला आहे. पण हे सगळं ओझं नायिकेच्या खांद्यावर नाहीच. ती पहिल्या भेटीतच त्या जखमी तरुणाच्या, म्हणजे पोलिसांना हव्या असलेल्या संशयिताच्या, प्रेमात पडते. आणि पुढची दोनशे पानं पुरावा तिच्या हृदयाच्या मागे धापा टाकत पळतो.

याहून गंमत आहे ती हे पुस्तक घडलं कसं त्याची. १९२२च्या जानेवारीत ख्रिस्तीबाई नवऱ्याबरोबर जगाच्या फेरीला निघाल्या. वेम्ब्लीला भरायच्या ब्रिटिश साम्राज्याच्या प्रदर्शनासाठी वसाहतींना निमंत्रणं द्यायला एक शिष्टमंडळ चाललं होतं. त्याचे प्रमुख मेजर बेल्चर. या गृहस्थांकडे महायुद्धात देशाच्या बटाटा पुरवठ्याचा कारभार होता, आणि त्या काळात बटाटे दिसत नव्हते, असं बाईंनी आत्मचरित्रात मिस्कीलपणे नोंदवलं आहे. नवरा आर्ची पैशाचा व्यवहार सांभाळायला बरोबर. परत आल्यावर जुनी नोकरी मिळेल याची शाश्वती नव्हती. दोन-अडीच वर्षांची मुलगी रोझलिंड आजी-मावशीकडे ठेवली. शहाण्या माणसांनी अशा वेळी काय करावं ते वर सांगितलंच आहे. हे दोघे बोटीवर चढले आणि दहा महिने फिरले. बाईंना ‘किल्डोनन कॅसल’वर बोट लागली, इतकी की मदिराला उतरून परत फिरावं असं वाटलं. म्यूझेनबर्गला त्या खरोखर फळीवर पोटावर पडून लाटांत शिरल्या. दक्षिण आफ्रिकेत त्या वर्षी खाणकामगारांचा संप चिघळून बंदुका चालल्या, तो गोंधळही त्यांच्या वाटेत आला आणि जसाच्या तसा कादंबरीत जाऊन बसला. आणि बेल्चरसाहेब? ते आधीपासूनच मागे लागले होते की माझ्या घरावर, ‘मिल हाऊस’वर, एक रहस्यकथा लिहा आणि त्यात मलाही घ्या. बाईंना काही केल्या ते पात्र जमेना. आर्चीने सल्ला दिला, त्याला एखादा किताब देऊन टाक, खूश होईल. मग ते झाले सर युस्टस पेडलर. हा आळशी, खादाड, गोडबोल्या खासदार आणि मध्ययुगीन विषकऱ्याच्या चेहऱ्याचा त्याचा अतिकर्तव्यदक्ष सेक्रेटरी, या जोडीवर मी खळ्यावर एकटाच इतका हसलो की शेळ्या आपण होऊन लांब गेल्या.

एक खटकतं ते सांगून टाकतो. या कादंबरीतली आफ्रिका आगगाडीच्या खिडकीतून दिसते तेवढीच आहे. लाकडी जिराफ विकणाऱ्यांना चेहरे नाहीत. ज्यांची जमीन, ज्यांचे हिरे, ते सामान उचलण्यापुरते येतात. साम्राज्याच्या प्रदर्शनाचं निमंत्रण घेऊन निघालेल्या मंडळींकडून याहून जास्त अपेक्षा करू नये, हे मला कळतं. तरी दुसऱ्याच्या गावातलं साहस नेहमी रम्य असतं आणि त्या गावाला विचारलं तर हकिगत निराळी निघते, एवढं हिंगोलीच्या माणसाला तरी कळायला हवं.

कारण आमच्याकडेही एक असाच मामला होऊन गेलाय. हिंगोलीला निजामाच्या फौजेची छावणी होती, त्या काळची गोष्ट. छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. साहेब लोकही त्याच्याशी देवघेव करत. एकदा त्याने इंग्रज अधिकाऱ्याकडे रीतसर अर्ज केला की मुंबईहून कापड आणायचं आहे, परवाना द्यावा. परवाना मिळाला. कापड खरोखरच मुंबईहून निघालेलं होतं, फक्त ते दुसऱ्याचं होतं, जवळच्याच गावातल्या एका व्यापाऱ्याचं. हरिसिंगाने वाटेत त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना संपवलं, आपल्या परवान्यावर तो माल छावणीत आणला आणि उजळ माथ्याने विकला. तो ठगांचा नायक होता. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतःच ही हकिगत सांगितली, आणि एक फक्कड विनोद म्हणून सांगितली, तेव्हा ती कळली. फिलिप मेडोज टेलरने १८३९च्या आपल्या ठगावरच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत हे नोंदवलं आहे. पुढे ‘तारा’सारख्या ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या टेलरचं हे पहिलंच पुस्तक, आणि तेही असंच धाडसांचं, अंगावर काटा आणणारं. मी आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “मंग तुझा तो मिशावाला कुठं होता?” मी विचार केला. मिशावाला असता तरी काय करणार होता? कागद चोख होते. शिक्का खरा होता. कापडाचा भाव बरोबर होता. पायरोने तो परवाना उलटसुलट करून पाहिला असता, कोपरे जुळवले असते आणि समाधानाने परत दिला असता. नीटनेटकेपणाची आवड असलेल्या माणसाला फसवायचं तर नीटनेटकेपणानेच फसवावं लागतं, हे ख्रिस्तीबाईंना पुढे फार छान साधलं. हरिसिंगाला ते त्यांच्या जन्माआधीच साधलेलं होतं.

बोलता बोलता आभाळ भरून आलं होतं. अवकाळीचं काही सांगता येत नाही. वारा सुटला, पहिला टपोरा थेंब माझ्या मनगटावर पडला आणि ॲन दरीत लोंबकळत असताना मला पुस्तक टाकून उठावं लागलं. ताडपत्री एका टोकाला मी धरली, दुसऱ्या टोकाला आबांनी. वाऱ्याने ती शिडासारखी फुगली आणि ऐंशी वर्षांचा तो माणूस खळ्याच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत तिच्यामागे जवळजवळ उडत गेला. “सोडू नको रे!” ते ओरडत होते, आणि त्यांच्या तोंडावर असा काही आनंद होता की मी तो पूर्वी कधी पाहिला नव्हता. पाऊस दहा मिनिटांत निघून गेला. हळद वाचली. आबा दगड ठेवलेल्या ताडपत्रीच्या कडेला बसून दम खात होते आणि मधूनच स्वतःशी हसत होते. अशी माणसं एरवी हिशेबी, मोजकी, कमी बोलणारी असतात. त्यांच्या आत ही आगबोट कधीपासून नांगरून उभी असते, कोण जाणे.

ख्रिस्तीबाईंच्या बाबतीत तिचा पत्ता लागतो. पुस्तक छापून येण्याआधी ‘इव्हनिंग न्यूज’ने ते क्रमशः छापायला घेतलं आणि त्याला असं काही नाव दिलं की बाईंना ते अगदीच बावळट वाटलं. पण मोबदला होता ५०० पौंड, तेव्हा त्या गप्प बसल्या. त्या पैशांतून, आर्चीच्याच सुचवण्यावरून, त्यांनी मोटार घेतली. राखाडी रंगाची, बाटलीसारख्या नाकाची मॉरिस काऊली. म्हातारपणी त्यांनी लिहून ठेवलं आहे की आयुष्यात दोन गोष्टींनी त्या सर्वांत जास्त हरखल्या. एक ही गाडी, आणि दुसरी, सुमारे चाळीस वर्षांनंतरचं, राणीबरोबरचं जेवण. राणी दुसरी. असं यश मिळालेल्या बाईला या क्रमवारीत काही वावगं वाटलं नाही, यावर माझा जीव आहे.

आणि १९२६ साली आधी त्यांची आई गेली, मग आर्चीने दुसऱ्या बाईत मन गुंतल्याचं सांगितलं, आणि ३ डिसेंबरच्या रात्री बाई गाडी घेऊन घरातून निघाल्या. दुसऱ्या दिवशी न्यूलँड्स कॉर्नरच्या उतारावर एक मॉरिस काऊली सोडून दिलेली सापडली. आत फरचा कोट होता, बाई नव्हत्या. सगळा देश अकरा दिवस त्यांना शोधत होता. त्या हॅरोगेटच्या एका हॉटेलात वेगळ्याच नावाने राहिलेल्या सापडल्या, आणि त्या अकरा दिवसांबद्दल त्यांनी आत्मचरित्रातही चकार शब्द काढला नाही. आनंदाच्या पुस्तकावर घेतली होती तशीच गाडी त्या उतारावर उभी राहिली, हे कळल्यापासून ॲनच्या बोटीवर हसताना मला मध्येच थबकायला होतं. समीक्षक या पुस्तकाला मागच्या रांगेत बसवतात. अपघातांवर चालणारी गोष्ट आहे म्हणतात, आणि ते खरंच आहे. पुढे बाईंनी याहून कितीतरी पक्की पुस्तकं लिहिली. इतकं खुशीत लिहिलेलं मात्र क्वचित.

तरी हेही खरं की उनाडपणा त्यांना पुरता सुटला नाही. १९२८ साली घटस्फोट झाल्यावर त्यांनी वेस्ट इंडिजला जायचं ठरवलं होतं. एका जेवणात कुणीतरी बगदादचं वर्णन केलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तिकीट बदलून ओरिएंट एक्सप्रेसचं घेतलं. एकट्या गेल्या. दोन वर्षांनी तिकडच्या उत्खननावर त्यांना मॅक्स मॅलोवन भेटला, वयाने चौदा वर्षांनी लहान, पुराणवस्तूंचा अभ्यासक, आणि त्यांनी लग्न केलं. मला यातली मौज वाटते ती अशी की ॲनला त्यांनी ज्या जुन्या हाडाकवट्यांच्या कंटाळ्यातून सोडवून आफ्रिकेला पळवलं होतं, त्याच कंटाळ्यात त्या स्वतः जाऊन आनंदाने बसल्या. इराकमधल्या निमरूदला सापडलेल्या हस्तिदंती मूर्तींच्या खाचांतली माती त्या आपल्या तोंडाला लावायच्या क्रीमने साफ करत. जगातली सर्वांत खपाची रहस्यलेखिका तंबूत मांडी घालून अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कुणा बाईचा चेहरा क्रीमने पुसते आहे. ॲनच्या वडिलांनी हे पाहिलं असतं तर मुलीला नाही, पण लेखिकेला त्यांनी नक्की माफ केलं असतं.

ज्यांनी ख्रिस्तीबाईंचं एकही पुस्तक वाचलेलं नाही त्यांनी हे पहिलं वाचू नये. बाईंबद्दल भलताच समज होईल. पायरोची आठ-दहा पुस्तकं पचवून, थोडं शिस्तीला कंटाळून, उन्हाळ्याच्या दुपारी वाचावं. माझी प्रत मी गावातल्या वाचनालयाला दिली आहे. वाचकांना एकच हात जोडून विनंती, गावोगावच्या वाचनालयांतल्या रहस्यकथांच्या वतीनेही: कर्नल कोण ते कळल्यावर कृपा करून त्याचं नाव पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवू नका.